गाडीची वही: सेकंडहँड हॅचबॅक, विक्रोळी ते सायन

१६ नोव्हेंबर २०१९, मीटर ५२,४००

घेतली एकदाची गाडी. २०१० ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलेंडर, टायमिंग चेनवाली, सीएनजी किट बसवलेलं आणि आरसीवर चढवलेलं, एमएच ०३ पासिंग. मी थर्ड ओनर. डीलरने १ लाख ८० सांगितले होते, १ लाख ६५ ला तुटलं. आप्पा म्हणाले आजपासून गाडीचं सगळं एका वहीत लिहून ठेव, डोक्यात काही राहत नाही. त्यांनी तीस वर्षं बेस्टची बस चालवली, म्हणून ऐकलं.

२६ जुलै २००५ च्या पाण्यात दादाची गाडी गेली होती, त्यामुळे आमच्या घरात गाडी बघायची म्हणजे आधी कार्पेट उचलायचं. पुढच्या सीटखालच्या पट्ट्या बघितल्या, गंज नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला, पाण्यात गेलेल्या गाडीचा पट्टा आत गुंडाळलेल्या टोकाला मळका राहतोच, कितीही धुतला तरी. तो स्वच्छ. टायरवर ०८१४ म्हणजे २०१४ चा आठवा आठवडा, नक्षी आहे पण रबर कडक झालंय, बदलावे लागणार. स्टिअरिंग थोडं गुळगुळीत. ब्रेक आणि क्लच पेडलचं रबर एकदम छान, धारा अजून शाबूत, मीटरच्या आकड्याशी जुळतंय. तेच बघून मी हो म्हटलं खरं तर.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, पण आरसी माझ्या नावावर होईपर्यंत १५ हजार हातात ठेवलेत. डीलर नाराज झाला, होऊ दे.

१ डिसेंबर २०१९, मीटर ५२,६१०

पहिलं काम. आमच्या नाक्यावरच्या गॅरेजवाल्या मामांकडेच टाकली, ते आप्पांना ओळखतात. मामांचं म्हणणं असं की आधीच्याने काय केलंय माहीत नसेल तर काहीच केलेलं नाही असं धरून चालायचं. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, चार प्लग, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, कुलंट. ६,२०० झाले.

रेडिएटर खालून उघडला तेव्हा जे पाणी आलं ते बघण्यासारखं होतं, उकळून उकळून काळपट झालेल्या चहासारखं, आणि बादलीच्या तळाला लाल गंजाचा थर. म्हणजे कुलंट कधीचं संपलेलं आणि कोणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतत राहिलेलं. तीन वेळा फ्लश केलं तेव्हा कुठे पाणी निवळ आलं, मग अर्धं कुलंट अर्धं डिस्टिल्ड वॉटर. मामा म्हणाले, ताई, हे पाणी आतून काय काय खाऊन बसलंय ते आज दिसणार नाही, दोनतीन वर्षांनी दिसेल. लिहून ठेवते.

१० जून २०२०, मीटर ५५,१००

लॉकडाऊनमध्ये गाडी जवळजवळ अडीच महिने उभी. मी दर आठवड्याला पाच मिनिटं चालू करत होते, तेही चुकीचंच निघालं. तेवढ्यात बॅटरी भरत नाही, उलट सेल्फ मारताना गेलेलं पण परत येत नाही. बॅटरी गेलीच, ३,९०० ची नवी. त्यात उंदरांनी इंजेक्टरच्या वायरी कुरतडल्या, इंजिन तीनच सिलेंडरवर थरथरत होतं. वायरिंगचे २,२००. सोसायटीतल्या काकांनी सांगितलं म्हणून बोनेटमध्ये तंबाखूची पानं एका कापडात बांधून टाकलीत. उपयोग होतो का बघू.

(पुढच्याच आठवड्यात पुडीच कुरतडलेली मिळाली. आता रात्री बोनेट थोडं उघडं ठेवते, आत अंधार आणि ऊब राहिली नाही की ते येत नाहीत. हे चाललंय.)

१८ मे २०२१, मीटर ५९,३००

काल तौक्ते वादळ. सकाळीच गाडी गुलमोहराखालून काढून मोकळ्या जागी लावली होती म्हणून वाचली, मागच्या विंगमधल्या दोन गाड्यांवर फांदी पडली. काही काम नाही, नुसती नोंद.

२१ जून २०२१, मीटर ५९,४५०

आजपासून आप्पांचं डायलिसिस सुरू. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सायनच्या बाजूला, सकाळी सहाची शिफ्ट. म्हणजे घरून सव्वापाचला निघायचंच. माझे क्लास संध्याकाळचे असल्यामुळे सकाळची ड्युटी माझी.

आज पहिल्यांदा लक्षात आलं की डिक्कीत सीएनजीची टाकी असल्यामुळे घडीची व्हीलचेअर तिथे बसतच नाही. मागच्या सीटवर आडवी टाकून सीटबेल्ट लावला. आप्पा पुढे.

आता ही गाडी नुसती सोयीची राहिली नाही. क्लासला उशीर झाला तर मुलं थांबतील, पण शुक्रवारची शिफ्ट बुडाली की सोमवारपर्यंत त्यांच्या पायावर सूज आणि छातीत पाणी. सव्वापाचला रिक्षा मिळते पण रोज मिळेलच असं नाही, आणि परत येताना आप्पा इतके गळून गेलेले असतात की त्यांना सीट मागे करून झोपवावंच लागतं. म्हणून आजपासून नियम, सगळी कामं मंगळवार, गुरुवार नाहीतर शनिवार-रविवारी. आणि काही वाजायला लागलं की त्याच आठवड्यात दाखवायचं, बघू नंतर असं करायचं नाही.

१४ डिसेंबर २०२१, मीटर ६३,४००

क्लच गेला. महिनाभर गिअर टाकताना जड जात होतं, घाटकोपरच्या पुलावर चढताना इंजिन ओरडायचं पण गाडी तेवढी पळायची नाही. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, ७,४०० मजुरीसकट. सकाळी दिली, रात्री आठला मिळाली, बुधवार चुकला नाही.

आता खरी गोष्ट. केबल ओढायला डॅशबोर्डखाली हात घातला तर मामांच्या हाताला ग्लोव्हबॉक्सच्या मागे पडलेलं एक कार्ड लागलं. जुन्या बॅटरीचं वॉरंटी कार्ड. गाडीचा नंबर हाच. तारीख जून २०१८. आणि किलोमीटरच्या रकान्यात निळ्या पेनने स्वच्छ अक्षरात ८१,२००.

मी दोनदा वाचलं. मी गाडी घेतली नोव्हेंबर २०१९ ला, तेव्हा मीटर ५२,४००. म्हणजे कमीत कमी २८,८०० मागे घेतलेत, आणि मधल्या दीड वर्षात जी धावली असेल ती वेगळी. मामांनी काही न बोलता ब्रेक पेडलवर टॉर्च मारला. रबर काढून दाखवलं, खालचं लोखंडी पेडल एका कोपऱ्याला झिजून चकचकीत झालेलं. रबर नवं बसवलं होतं, मीटरशी जुळवून घ्यायला. दोन वर्षांपूर्वी याच वहीत मी लिहिलंय की तेच बघून हो म्हटलं.

खूप राग आला. डीलरकडे गेले तर तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. पहिल्या पानापासून जो आकडा मी गाडीच्या नावापुढे लिहीत आलेय तो खरा नाही, आणि खरा किती ते आता कधीच कळणार नाही. पहिल्या मालकाचा काही दोष नसेल कदाचित, हे बहुतेक मधल्या हातात झालं.

जो कोणी सेकंडहँड गाडी बघायला जाईल त्याने पेडलचं रबर बोटाने उचलून खाली बघा. आणि सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरवर जुन्या सर्व्हिसचं रनिंग विचारा. मी विचारलं नव्हतं.

३० जानेवारी २०२२, मीटर ६४,३५०

आकड्यावरून मन उडालं होतं, महिनाभर वहीत काही लिहिलं नाही. आज मामांशी बोलताना ते सहज म्हणाले, मुंबईत किलोमीटर धरून करायचंय काय, इंजिन किती तास फिरलं ते सांगा. आप्पा मागून लगेच, डेपोत पण आम्ही तेच म्हणायचो, गर्दीच्या रूटची बस आधी खिळखिळी होते, आकडा कमी असला तरी.

मग हिशेब केला. गेले पाच आठवडे आप्पा पुढच्या सीटवर बसून पेन्सिलने सुटल्याची आणि पोचल्याची वेळ लिहितायत, जुनी सवय. पहाटे जायला पंचवीस मिनिटं. येताना अकराच्या सुमारास पंचावन्न, कधी सत्तर. संध्याकाळची घाटकोपर-भांडुप फेरी वेगळी. एका महिन्याची बेरीज आली ४१ तास, आणि मीटर पुढे गेला ६२० किलोमीटर. म्हणजे ताशी १५.

हायवेला ताशी ६० ने चालणारी गाडी १० हजार किलोमीटर १६७ तासांत करते. माझ्या गाडीला त्याच १० हजाराला ६६७ तास लागतात. चौपट वेळ इंजिन फिरतं, ऑइल तापतं, फॅन चालतो, एसीचा कंप्रेसर चालतो, क्लच दाबला जातो, आणि मीटर म्हणतो गाडी कमी चाललीय. "लेडी ड्रिव्हन, ओन्ली सिटी, लो रनिंग" अशी जाहिरात लोक कौतुकाने वाचतात, मीही वाचायचे. मुंबईतलं लो रनिंग म्हणजे काय ते आत्ता कळलं.

आजपासून वहीत मीटरच्या शेजारी तास. ऑइल १० हजाराला नाही, ५ हजार किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. गेलेले तास परत मोजता येणार नाहीत म्हणून शून्यापासून सुरू.

२२ नोव्हेंबर २०२२, मीटर ७०,६००, तास ४१०

सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट. दर तीन वर्षांनी करायची असते. टाकी काढतात, आत पाणी भरून नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त दाबाने तपासतात, मग नवी तारीख घालून देतात. पंपावर २०० बारने गॅस भरतो, ती टाकी आप्पांच्या पाठीमागे चार फुटांवर आहे, यात चालढकल नाही. २,५०० आणि एक दिवस. गॅसचा फिल्टर पण बदलला, आतून काळं तेलकट निघालं.

एक नोंद प्लगची. गॅसवर चालणाऱ्या गाडीला प्लग थोडेही झिजलेले चालत नाहीत, पेट्रोलवर जो प्लग अजून वर्षभर निभावला असता तो गॅसवर गाडीचा पिकअप घालवतो. दोन महिने मी किटलाच दोष देत होते. प्लग बदलले, गाडी मऊ झाली.

१२ मे २०२३, मीटर ७४,३००, तास ६५५

आज गाडीने पहिल्यांदा रस्त्यात उभं केलं.

शुक्रवार, सव्वाअकरा, डायलिसिस करून परत, कुर्ल्याला एलबीएस रोडवर ट्रॅफिक जाम, ऊन मी म्हणत होतं. आप्पा सीट मागे करून डोळे मिटून. एसीची हवा कोमट लागायला लागली, मला वाटलं ऊनच तसं आहे. मग सहज लक्ष गेलं तर तापमानाचा काटा जो कायम अर्ध्याच्या जरा खाली असतो तो अर्ध्याच्या वर, आणि बघता बघता पाऊण. गाडी उभी होती आणि बोनेटमधून जी फॅनची घरघर यायला हवी ती येत नव्हती. ती शांतता मला अजून आठवतेय.

एसी बंद, हीटर फुल, सगळ्या काचा खाली. मे महिन्यात हीटर, आप्पांना काय झालं असेल. पण हीटर इंजिनचीच गरमी आत ओढतो, काटा जरा थांबला. डावीकडे एका लाकडाच्या वखारीपुढे घेतली, इंजिन बंद. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही, तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. वखारीतल्या माणसाने आप्पांना आत पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. त्यांना पाणी मोजून प्यायचं असतं, दोनच घोट घेतले.

मामांना फोन. त्यांनी विचारलं हॉर्न वाजतो का. मी म्हटलं मामा हॉर्नचं काय मध्येच. म्हणाले, बोनेटमधला काळा डबा उघडा, झाकणाच्या आतल्या बाजूला चित्र आहे, फॅनचा रिले, म्हणजे त्याला करंट देणारा स्विच, काढा आणि हॉर्नचा काढून त्या जागी लावा, आमच्या या गाडीत दोन्ही सारखेच आहेत. काढला. काडेपेटीच्या निम्म्या आकाराची काळी ठोकळी, खाली चार पितळी पाय, त्यातला एक पाय काळानिळा झालेला आणि शेजारचं प्लॅस्टिक वितळून त्याला चिकटलेलं. हॉर्नचा रिले तिथे दाबून बसवला, चावी फिरवली, दोन मिनिटांत फॅन घरघरला. अर्धा तास थांबून, गार झाल्यावर कुलंट बघून, हॉर्नशिवाय घरी आलो.

रिले १८० रुपयांचा.

१४ मे २०२३

रिले का जळला ते बघितल्याशिवाय मामा सोडत नाहीत. फॅनची मोटर जड झाली होती, बेअरिंग झिजलेलं, म्हणून करंट जास्त ओढत होती. मोटर २,६५०. थर्मोस्टॅट, म्हणजे कुलंटची वाट उघडणारा-बंद करणारा वॉल्व्ह, काढला तर गंजाने अर्धवट अडकलेला. वरचा होज बोटांनी दाबला तर आतून कुरकुर आवाज, म्हणजे रबर आतून तडकलेलं. थर्मोस्टॅट, दोन्ही होज, रेडिएटरचं झाकण सगळं बदललं. २०१९ ला ते चहासारखं पाणी आलं होतं तेव्हा मामा म्हणाले होते दोनतीन वर्षांनी दिसेल. मागचं पान काढून त्यांना दाखवलं.

ऑइल कॅपखाली पांढरी साय नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, म्हणजे हेड गॅस्केट, इंजिन आणि त्याच्या वरच्या हेडमधलं सील, वाचलंय. काटा पाऊणवर असताना अजून पाच मिनिटं, जाऊ घाटकोपरपर्यंत म्हणून दामटली असती तर हेड उतरलं असतं आणि २० हजारांच्या खाली काम नव्हतं.

आता प्रत्येक सिग्नलला फॅनचा आवाज ऐकते. फॅन हायवेला जवळपास झोपलेला असतो, समोरून वारा लागतो तेवढा पुरतो. आमच्या गाडीचा फॅन एलबीएसवर तासाला चाळीस मिनिटं तरी चालत असेल. तेरा वर्षांची मोटर ती, तिच्या हिशेबाने तिने भरपूर केलं.

५ ऑक्टोबर २०२३, मीटर ७७,९००, तास ८३०

गणपतीला दादा गाडी घेऊन गावी गेला होता, खेडच्या पुढे. मी आणि आप्पा इथेच, डायलिसिसला सुट्टी नसते. येऊन जाऊन ५०० च्या आसपास किलोमीटर. इंजिनला त्या प्रवासाने काही झालं नाही, उलट नंतर दोन आठवडे गाडी हलकी चालत होती. पण मुंबई-गोवा हायवेच्या खड्ड्यांनी खालचं सगळं सैल केलं. परत आली तेव्हा स्पीडब्रेकरवर पुढून डावीकडे खट्ट, आणि रस्त्यावर लहान खडी असली तरी कटकट कटकट. खट्ट म्हणजे लोअर आर्मचा बुश, कटकट म्हणजे लिंक रॉड, आता मला आवाजावरून कळतं. दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, वरचे माउंट, अलाइनमेंट, ९,८००. शॉकअप अजून ठीक आहेत म्हणाले, तेल गळत नाहीये.

१९ मार्च २०२४, मीटर ८१,३००, तास १,०६०

एसी. कुलिंग कॉइल लीक, डॅशबोर्ड पूर्ण उतरवावा लागला. ७,३००. कॉइलवर वाळलेल्या पानांचा आणि धुळीचा ओला लगदा बसलेला, त्यानेच ती खाल्ली. आता दर पावसाळ्याआधी बोनेटच्या मागच्या जाळीतली पानं हाताने काढायची.

८ जुलै २०२४, मीटर ८३,५००, तास १,२१०

सोमवार. पहाटे चारला जाग आली ती पावसाच्या आवाजाने. रात्री एक ते सकाळी सात, सहा तासांत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पडला. सव्वापाचला खाली उतरले, आप्पांना बसवलं, गेटबाहेर पाणी टायरच्या निम्म्याला. हायवेपर्यंत गेले, पुढे गाड्या उलट्या येताना दिसल्या आणि मी वळवली.

हा निर्णय मला सोपा गेला नाही. शुक्रवारनंतर तिसरा दिवस, आप्पांचा श्वास थोडा लागत होता. पण या गाडीचं हवा ओढायचं तोंड हेडलाइटच्या मागे, बंपरपेक्षा जेमतेम वर आहे. पाणी तिथे गेलं की पिस्टन हवा दाबतो तसं पाणी दाबायला जातो, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि बंद पडल्यावर घाबरून परत सेल्फ मारला तर उरलंसुरलं इंजिनही जातं. पाण्यात बंद पडली तर चावी फिरवायचीच नाही, ढकलून बाहेर काढायची, हे मी आमच्या घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवलंय. पण पाण्याच्या मध्यात आप्पांना व्हीलचेअरवर उतरवून मी कुठे नेणार होते. सेंटरला फोन केला, त्यांनी दुपारी दोनची जागा दिली, त्यांचाही निम्मा स्टाफ लोकल बंद म्हणून पोचला नव्हता. दीडला पाणी उतरलेलं होतं, पोचलो.

परत आल्यावर ब्रेक तीनचार वेळा हलके दाबून वाळवले. गुरुवारी मामांनी एअर फिल्टर उघडला, कोरडा.

१५ ऑक्टोबर २०२४, मीटर ८५,४००, तास १,३३५

काल रात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ. ऐरोलीला बहिणीकडे जाताना रांगेत जो क्लच जळायचा तो तरी वाचेल.

मागच्या डाव्या दाराच्या खालच्या कडेला रंग फुगला होता. मामांनी दाराच्या खालच्या बारीक भोकात स्क्रूड्रायव्हर घातला आणि फिरवला, तर आतून काळा चिखल निघाला, ओला, नाल्यासारखा वास. काचेवरून पाणी दाराच्या आत जातंच, ते खालून बाहेर पडायला ती भोकं असतात. भोकं बुजली की पाणी वर्षभर आत बसून पत्रा खातं. चारही दारांची भोकं मोकळी केली, सडलेला तुकडा कापून नवा पत्रा, रंग, ५,५००. ज्या भोकांबद्दल मला पाच वर्षं कोणी सांगितलं नाही ती साफ करायला काडी पुरते.

११ फेब्रुवारी २०२५, मीटर ८७,८००, तास १,४९५

सकाळी चालू व्हायला दोनतीन सेल्फ लागत होते. सव्वापाचला तो आवाज नको वाटतो. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवतेय, चालू असताना १४ च्या वर, म्हणजे अल्टरनेटर पण ठीक. दुखणं पेट्रोलच्या पंपात. सीएनजी स्वस्त म्हणून आम्ही पेट्रोल नेहमी रिझर्व्हला ठेवत आलो, पण पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्येच बुडून गार राहतो. तो गेली काही वर्षं जवळजवळ कोरडाच फिरला. पंप आणि तडकलेला रबरी पाइप, ३,४००. आता पाव टाकी पेट्रोल कायम. आणि ते पडून पण ठेवायचं नाही, कारण हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून दर रविवारी वीसेक किलोमीटर पेट्रोलवर.

१२ जून २०२५, मीटर ९०,३००, तास १,६५५

८ ऑगस्टला आरसीची पंधरा वर्षं पूर्ण होतायत. मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे आता ठरवायला हवं. दादा म्हणतो भंगारात दे आणि हप्त्यावर नवी घे. त्याचं चूक नाही, नव्या गाडीत आप्पांसाठी एअरबॅग असतील, या गाडीत एकही नाही, ही गोष्ट मला खरंच बोचते.

मामांनी कॉम्प्रेशन काढून दिलं, म्हणजे प्रत्येक सिलेंडर किती दाब धरतो ते. चार सिलेंडर, १६८, १७०, १६५, १७०, चारही जवळपास सारखे. साडेपाच वर्षांतलं एक एक पान उलटून बघितलं, इंजिनच्या पोटातलं काम शून्य. गेलं ते सगळं रबर, प्लॅस्टिक, वायर, मोटर, बुश. ज्या गाडीचे २९ हजारांहून जास्त किलोमीटर चोरीला गेलेत तिचं इंजिन अजून सीलबंद आहे. सकाळी टायमिंग चेनचा दोन सेकंद आवाज येतो, ऑइल वर चढलं की जातो, तो २०२२ ला पण एवढाच होता.

आप्पा म्हणाले, पासिंग करून घे, ही कुठे थांबते ते आपल्याला माहीत झालंय, नवीची सवय व्हायला परत पाच वर्षं जातील.

२२ जुलै २०२५, मीटर ९१,०००, तास १,६९५

आरटीओला इन्स्पेक्शन. मंगळवार मुद्दाम घेतला. नव्या सिक्युरिटी नंबर प्लेट आधीच बसवल्या होत्या, पीयूसी, इन्शुरन्स, हायड्रो टेस्टचा दाखला, फॉर्म २५. नूतनीकरणाची फी ५,००० आणि ग्रीन टॅक्स वेगळा. चासी नंबर, लाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न बघितला. हॉर्न वाजवताना कुर्ल्याची ती दुपार आठवली. आता ग्लोव्हबॉक्समध्ये दोन सुटे रिले ठेवलेले असतात.

आदल्या आठवड्यात हेडलाइट पॉलिश केले, नाहीतर त्यावरच अडवलं असतं असं मामा म्हणाले.

१० सप्टेंबर २०२५, मीटर ९२,१००, तास १,७६५

आरसी आली, २०३० पर्यंत.

कामं बाकी: हायड्रो टेस्ट नोव्हेंबरमध्ये परत. मागचे शॉकअप दोन्ही, डाव्यावर तेलाचा ओला डाग दिसतोय. अल्टरनेटरच्या बेल्टला बारीक भेगा, येत्या शनिवारीच घ्यायचा, मामा पितृपक्षात गावी जायच्या आधी. ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली.

आजची वेळ आप्पांच्या अक्षरात: सुटली ५.१२, पोचली ५.३६. परत ११.०५ ते १२.०२, चुनाभट्टीला वीस मिनिटं उभी, फॅन चालू होता.